कौसाबाईंच्या दाताची खाच

लग्नाकार्यात कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं, तर पूर्वी मी खरं उत्तर द्यायचे. "दाताच्या कॅपसाठी लागणारं सिरॅमिक बनवते." एवढं म्हटलं की समोरचा माणूस हातातला विडा बाजूला ठेवून आ करायचा. "ही बघा हो मॅडम, ही मागची दाढ. गार पाणी लागलं की अशी कळ येते..." मी दाताची डॉक्टर नाही, हे सांगेपर्यंत त्याच्या बायकोनंही तोंड उघडलेलं असायचं. शेवटी वैतागून मी "भट्टीवर असते" एवढंच सांगायला लागले. मग लोक घराच्या बांधकामाविषयी बोलायचे आणि मला विटांमधलं काही कळत नाही म्हटल्यावर संशयानं बघायचे.

चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत माझी सगळी नोकरी झाली. मी शिकले सिरॅमिक्स. नोकरी लागली तेव्हा घरच्यांना वाटलं कपबशांचा कारखाना आहे. मावशीनं तर सहा कपांचा सेट सांगून ठेवला होता. तो तिला मी शेवटी दुकानातून विकत आणून दिला. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

वाचकांना मात्र समजावून सांगावं लागेल. दाताला जी पांढरी कॅप बसवतात, ती आता बहुतेक झिर्कोनियाची असते. एका खनिज वाळूपासून ही पांढरी भुकटी काढतात. ती दाबून भाकरीएवढी पण चांगली जाड चकती करायची आणि अर्धवट भाजायची. या अवस्थेत ती खडूसारखी असते, नखानंही ओरखडा उठतो. दातांच्या लॅबमध्ये यंत्रावर या चकतीतून दात कोरून काढतात. मग तो दीड हजार अंशांच्या भट्टीत जातो. तिथं तो आक्रसतो, जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं लहान होतो, आणि बाहेर येतो तो पोलादाला दाद न देणारा.

आता चीड आणणारा भाग. एका चकतीतून जेवढे दात निघतात, त्याहून जास्त माल वाया जातो. करंजीच्या पाऱ्या कातून घेतल्यावर पोळीच्या कडा उरतात, तशी भोकाभोकांची चकती उरते आणि यंत्राच्या पोटात ढीगभर पीठ साचतं. ही भुकटी परदेशातून येते. ती तयार करताना वीज, पाणी, आम्ल सगळं भरमसाट लागतं. आणि आपण त्यातला निम्म्याहून जास्त माल कचऱ्याच्या गाडीत टाकतो.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्या कडा पुन्हा मळून लाटत का नाही?"

एवढा सरळ प्रश्न. माझ्या नोकरीची उत्तरार्धातली सगळी वर्षं त्यातच गेली.

कारण ते कच्चं पीठ नसतं, एकदा भाजलेलं असतं. भाजलेल्या भाकरीचा चुरा करून त्याची पुन्हा भाकरी थापून बघा. थापली जाईल, पण तव्यावर टाकली की तुकडे. झिर्कोनियाचंही तसंच. एकदा भाजले की कण एकमेकांना चिकटून बसतात. पुन्हा दाबले की मधे बारीक पोकळ्या राहतात, आणि तडा नेमका पोकळीतून सुरू होतो. म्हणून तो चुरा जाळायचा, धुवायचा, महीन महीन दळायचा, चाळायचा, त्यात थोडी कोरी भुकटी मिसळायची, दाबायचा, भाजायचा आणि मग यंत्राखाली धरून मोडायचा. मोडायला किती जोर लागला ते बघायचं. कमी लागला की पुन्हा पहिल्यापासून. मी इतक्या चकत्या मोडल्या आहेत, की आमच्याकडं पाहुणे आले की आमचे हे म्हणायचे, "हिला काचेची भांडी देऊ नका, सवय वाईट आहे."

सगळ्यात आधी कचरा मिळवायचा होता. मी समजत होते कचरा मिळवणं ही जगातली सोपी गोष्ट असेल. शहरातल्या लॅबवाल्यांना आम्ही स्वच्छ डबे दिले, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फक्त झिर्कोनिया'. परत आलेल्या डब्यांत प्लॅस्टर होतं, मेण होतं, स्क्रू होते, गुटख्याच्या पुड्या होत्या. एकात तर अर्धा समोसा निघाला. लोखंडाचा एक कण जरी राहिला तरी भट्टीत त्याचा तपकिरी डाग उमटतो. म्हणजे गुटखा न खाताच गुटख्याचा दात तयार. मी लॅबवाल्याला फोन केला, तर तो म्हणतो, "मॅडम, कचऱ्यात कचराच असणार ना!"

भट्टीवर होते अन्वरभाई. माझ्याही आधीपासून कंपनीत होते आणि भट्टीला ते सासूसारखं मानत. "आज नाराज है," असं सकाळी सकाळी जाहीर करायचे. ती नाराज असल्याचं कारण बहुतेक वेळा व्होल्टेज असायचं, पण अन्वरभाईंना ते पटत नसे. सहा महिन्यांची मेहनत असलेला पहिला मोठा घाणा भट्टीत गेला, त्या दिवशी मी त्यांना दहादा बजावलं, पूर्ण थंड होईपर्यंत दार उघडायचं नाही. मी जेवायला गेले. परत आले तर भट्टीतून टिक, टिक असा आवाज येत होता. गरम सिरॅमिकला गार हवा लागली की ते असं तडकतं.

"अन्वरभाई, दार उघडलंत?"

"नै मॅडम. खोला नै. मैं तो खाली झाँक के देखा."

"झाँकने के लिए खोलना पडता ना!"

"थोडाच खोला," ते म्हणाले, आणि वर मलाच समजावलं, "भट्टी नाराज थी सुबह से. मैं बोला था तुमको."

तो सगळा घाणा गेला. मी बाहेर जाऊन कडुलिंबाखाली उभी राहिले आणि ज्या शिव्या मला येतात असं माझ्या नवऱ्याला आजही माहीत नाही, त्या सगळ्या दिल्या.

तिसरा वैताग होता परागचा. पराग म्हणजे आमचा विक्री बघणारा. मुलगा हुशार, कपडे टापटीप, आणि डोक्यात कायम पोस्टर. अजून एक धड चकती हातात आली नव्हती तेव्हा त्यानं तिचं नाव ठरवलं होतं, 'हरित दात'.

मी म्हटलं, "पराग, हिरवा दात कोण बसवून घेईल रे?"

"मॅडम, हिरवा नाही. हरित. पर्यावरण!"

"आपल्याकडं हिरवा दात म्हणजे शेवाळलेला दात. आधी चकती होऊ दे."

झाली. कशी झाली ते सांगत बसले तर हा अंक त्यातच संपेल. पण झाली. कोऱ्या मालापेक्षा ताकद किंचित कमी, तरी कॅपला लागते त्याहून चांगली जास्त. रंग जरासा पिवळट आला. मला तो आवडला. आपल्या भागातली माणसं बोअरचं पाणी पितात, चहा पितात, सुपारी खातात. आपले दात काही जाहिरातीतल्यासारखे पांढरे नसतात. शेजारच्या दातांत मिसळून जाईल असाच तो रंग होता.

आता तिची कॅप माणसांच्या तोंडात बसवून बघायची होती. एका दंत महाविद्यालयाच्या समितीनं परवानगी दिली. अट अशी, की ज्यांना कॅप बसवायची आहे त्यांना सगळं नीट सांगायचं, त्यांची लेखी संमती घ्यायची, आणि पुढं वर्षभर तपासत राहायचं. गारखेड्यात दवाखाना असलेल्या डॉ. स्मिता इंगळे आमच्यात सामील झाल्या. शांत बाई. माझ्या विरुद्ध स्वभावाच्या, म्हणूनच आमचं जमलं असावं.

संमतीपत्राचं मराठी कुणीतरी करून दिलं होतं. त्यात वाक्य होतं, 'सदर कृत्रिम दंत हा पुनर्प्राप्त पदार्थापासून निर्मित आहे.' पहिलेच आले गारखेड्याचे जोशीकाका, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला आणि एकेक शब्द वाचला.

"पुनर्प्राप्त म्हणजे? कुणाकडून प्राप्त?"

"काका, म्हणजे आधी वापरून उरलेला माल," मी म्हटलं. चुकलंच माझं वाक्य.

"आधी वापरलेला? कुणाच्या तोंडात?"

"तोंडात नाही हो! कारखान्यात. दात कोरताना जे पीठ पडतं ना, ते."

"तसं यात लिहिलेलं नाही." काका कागदावर बोट ठेवून म्हणाले. "यात लिहिलंय पुनर्प्राप्त. आता खरं सांगा, गेलेल्या माणसांचे दात तर नाहीत ना? काही म्हणा, माणूस गेल्यावर दात जळत नाहीत. राखेत सापडतात. मी स्वतः वेचलेत."

डॉ. इंगळेंनी मान खाली घातली. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला दिसलं नाही. मी पाऊण तास समजावलं. करंजीचं उदाहरण दिलं, भाकरीचं दिलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं, पटलं असंही म्हणाले, आणि मग म्हणाले, "तरी मला आपला कोराच द्या." दुसऱ्या दिवशी संमतीपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून त्यांनी ते आणून दिलं. चुका खरंच होत्या.

असे एकामागून एक लोक गेले. एक बाई म्हणाल्या, सासूबाईंना विचारते. एक गृहस्थ म्हणाले, माझ्या मेव्हण्याला बसवा, तो काहीही चालवून घेतो. मी रोज घरी येऊन उशीवर डोकं आपटत होते. मग एका दुपारी इंगळे मॅडमचा फोन आला. पैठणच्या एक बाई आल्यात, लगेच या.

कौसाबाई पैठणी विणणाऱ्या. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, आवाज मात्र दोन गल्ल्यांपलीकडं जाईल असा. एष्टीच्या पायरीवरून पाय घसरून पडल्या होत्या आणि वरचा पुढचा दात अर्धा तुटला होता. मूळ शाबूत होतं, कॅप बसण्यासारखी होती. मी घाबरत घाबरतच सुरुवात केली. या वेळी करंजी नको, भाकरी नको. सरळ सांगितलं, उरलेल्या मालातून बनवलंय, नवीन आहे, आम्ही अजून पारखतोय, नको असेल तर दुसरं आहे.

"उरल्यालं म्हणजे चांगलंच असंल की," कौसाबाई म्हणाल्या. "आमी काय उरल्यालं रेशीम फेकतो व्हय? घाला."

मी इंगळे मॅडमकडं बघितलं. इतक्या सोप्यात? मला तर त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली.

कॅप झाली. सुरेख झाली. शेजारच्या दाताशी रंग असा जुळला, की कुठला खरा आणि कुठला आमचा ते आरशात कौसाबाईंनाही कळेना. परागनं फोटो काढले. अन्वरभाईंनी पेढे वाटले, भट्टी खूश असल्याचं जाहीर केलं. मी त्या संध्याकाळी घरी बासुंदी केली.

चार दिवसांनी कौसाबाई परत आल्या. पहिल्या एष्टीनं आल्या होत्या आणि रस्ताभर संतापत आल्या असाव्यात, कारण दारातूनच सुरू झाल्या.

"ह्यो दात काढा. माझा मला द्या."

"काय झालं? दुखतंय?"

"दुखत नाय, काय नाय. कामाचा नाय! कायच तुटत नाय ह्यानं. नुसता गुळगुळीत!"

मग कळलं ते असं. मागावर बसल्यावर बाईंचे दोन्ही हात रंगीत रेशमाच्या कांड्यांत गुंतलेले असतात. धागा तुटला की गाठ मारायची आणि उरलेलं टोक दातानं तोडायचं. दिवसातून कितीतरी वेळा. वर्षानुवर्षं असं केल्यामुळं त्यांच्या जुन्या दाताला खालच्या कडेला एक बारीक खाच पडली होती. धागा आपोआप त्या खाचेत बसायचा, खालचा दात टेकवला की तुटायचा. इंगळे मॅडमना ती खाच दिसलीच नव्हती, कारण दाताचा तेवढा तुकडाच एष्टी स्टँडवर पडला होता. आणि आम्ही बनवून दिला होता पुस्तकातल्या चित्रासारखा सरळ कडेचा दात.

"कात्री वापरा की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशा नजरेनं मी समोसेवाल्या लॅबकडं बघत होते. "कात्री धरायला हात कुठून आणू? तिसरा लावता का तुमी?"

"पण कौसाबाई, दात खायला असतो."

"खायला बाकीचे हायेत की."

मी त्यांना शांतपणे, खरंच शांतपणे, समजावलं. सिरॅमिक कडक असतं पण लवत नाही. त्याला खाच पाडली की ताण तिथंच गोळा होतो. शाम्पूच्या पुडीला कडेला खाच असते ना, तिथूनच ती फाटते, तसा दात तिथूनच तडकणार. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, पटलं.

पुढच्या आठवड्यात इंगळे मॅडमचा फोन. "त्यांनी घरी कानशीनं घासून बघितलंय."

"दात गेला?"

"दाताला काही झालेलं नाही. कानस बोथट झालीय. त्यांचे मिस्टर चिडलेत, नवी कानस होती म्हणे. आणि बाई म्हणतायत, येत्या सोमवारी कॅप काढून दिली नाही तर त्या पैठणच्याच दुसऱ्या डॉक्टरकडून फोडून घेणार."

आणि त्याच सुमारास पराग बाहेरगावच्या मोठ्या लॅबच्या लोकांना घेऊन येणार होता. आमच्या हातात दाखवण्यासारखा पुढचा दात एकच. तो कौसाबाईंच्या तोंडात, आणि त्या तो फोडायला निघालेल्या.

"मॅडम, काहीतरी करा," पराग रडकुंडीला आला होता. "त्यांना सांगा ना, एवढा सुंदर दात आहे."

"तूच सांग. आवाज ऐकून घे आणि मग सांग."

रविवारी मी पैठणला गेले. भांडायलाच गेले होते. कौसाबाईंनी माझं भांडण ऐकून न घेता आधी चहा ठेवला आणि मग मागाशेजारी पाट टाकला. सून सविता शेजारच्या मागावर होती. तीही धागा दातानंच तोडत होती. मी तिथं दोनअडीच तास बसले. पदरावरचा मोर गळ्यापर्यंत आला होता. कौसाबाई धागा तोडायला मान वाकवायच्या, नव्या दातावरून रेशीम सटकायचं, पुन्हा प्रयत्न, पुन्हा सटकायचं. मग वैतागून हातातलं सगळं खाली ठेवून कात्री शोधायच्या. तेवढ्यात कांड्या एकमेकींत अडकायच्या. एका तासात त्या माझ्यासमोर जितक्या वेळा चिडल्या, तितकी मी वर्षात चिडत नाही. आणि मी काही कमी चिडणारी नाही.

"बघितलं?" त्या म्हणाल्या.

"बघितलं," मी म्हटलं. "काढू नका दात. मला थोडा वेळ द्या."

एष्टीत बसल्यावर मी स्वतःला विचारलं, हे मी काय कबूल करून बसले.

खाच तर पाडायची, पण ती तड्याचं मूळ होता कामा नये. भाजून झालेल्या दातावर घासून पाडलेली खाच वाईट, तिच्यात बारीक चिरा राहतात. म्हणून ती आधीच, खडूसारख्या चकतीतून दात कोरतानाच काढायची. तळ टोकदार नको, गोल हवा. मागून दात जरा जाड हवा. पण तळ फार गोल केला की धागा तुटत नाही, नुसता बसतो. टोकदार केला की यंत्राखाली दात लवकर मोडतो. या दोहोंच्या मधलं काहीतरी शोधायचं होतं. कौसाबाईंनी त्यासाठी रेशमाची एक लड पाठवून दिली. रंग राणी.

त्या दिवसांत एकदा पराग त्या बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन अचानक आत आला. मी आणि अन्वरभाई टेबलावर समोरासमोर बसून प्लॅस्टरच्या जबड्यांना राणी रंगाचं रेशीम चावायला लावत होतो. अन्वरभाई म्हणत होते, "थोडा और दबाव, मॅडम, थोडा और." पाहुण्यांनी परागकडं बघितलं. पराग म्हणाला, "संशोधन विभाग."

अनेक दात मोडून झाल्यावर एक असा निघाला, जो धागाही तोडत होता आणि यंत्रालाही दाद देत नव्हता. इंगळे मॅडमनी जुनी कॅप काढून तो बसवला. कौसाबाईंनी दवाखान्याच्या खुर्चीतच कमरेला खोचलेला रेशमाचा तुकडा काढला, दाताखाली धरला. कट्. बारीकसा आवाज आला.

त्यांनी तुटलेलं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "आता कसं!" एवढंच म्हणाल्या. आभार वगैरे काही नाही. मला मात्र माझ्या पदवीच्या वेळीही इतका आनंद झाला नव्हता.

इथं ही हकिगत संपली असती तर परागच्या पोस्टरवर शोभली असती.

वर्षभरानं शेवटची तपासणी होती. आमच्या दाताला ओरखडासुद्धा नव्हता. खाच जशीच्या तशी, कड जशीच्या तशी. मी खुर्चीमागून वाकून बघत होते, मनातल्या मनात अहवाल लिहीत होते. इंगळे मॅडमनी आरसा खालच्या दातांकडं वळवला आणि तिथंच धरून ठेवला.

"काय?" मी विचारलं.

त्यांनी मला बघायला सांगितलं. आमच्या दाताच्या बरोबर खाली, कौसाबाईंच्या स्वतःच्या दाताला खाच पडली होती. नवी, स्पष्ट. आमचा कडक दात झिजला नव्हता, त्यानं समोरच्याला झिजवलं होतं. जुने दोन दात एकमेकांना समजून घेत सावकाश झिजले असते. आम्ही एकाला हट्टी करून ठेवलं होतं.

मी खुर्चीसमोर येऊन सांगितलं, "कौसाबाई, खालचा दात झिजायला लागलाय. आमच्या दातामुळं."

त्यांनी जीभ फिरवून बघितली. "व्हय, लागतंय जरा." मग माझा चेहरा बघून त्याच मला समजावायला लागल्या. "आवो मॅडम, आधी वरच्याला पडली व्हती, आता खालच्याला पडली. रोज रेशीम तोडायचं म्हनल्यावर खाच कुटं तरी पडनारच की. तुमी कशाला तोंड पाडता?"

इंगळे मॅडमनी आमच्या दाताची कड, खाच तशीच ठेवून, पुन्हा आरशासारखी गुळगुळीत केली, झीज कमी व्हावी म्हणून. खालच्या दाताची खाचही भरून घेतली. आणि मी कंपनीत जाऊन जे घडलं ते अहवालात लिहिलं. पराग माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, हे कशाला? आपला दात टिकला ना! चाचणी आपल्या दाताची होती. खालच्या दाताची नव्हती."

"खालचा दात त्याच तोंडात आहे, पराग."

"पण कुणी दातानं धागे तोडतं का? ही एक बाई सोडून?"

"पैठणला जाऊन बघ. शिंप्याकडं जाऊन बघ. सुतार खिळे कुठं धरतो ते बघ. आपल्याकडं दात नुसता खायला नसतो."

तो रागावला. दोन दिवस बोलला नाही. त्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. असे निष्कर्ष कोऱ्या मालाच्या दातांनाही लागू पडतात, ते कुणी लिहीत नाही, आपणच का लिहायचं, हा त्याचा मुद्दा होता. मी लिहिलं. परिणाम व्हायचा तो झाला. आमच्या त्या चकतीला मान्यता मिळाली ती मागच्या दाढांपुरती. पुढच्या दातांसाठी आणखी काम करा, असा शेरा आला. ते आणखी काम करायला कंपनीकडं सवड नव्हती, आणि माझी निवृत्ती जवळ आली होती. 'हरित दात'चं हसऱ्या तोंडाचं पोस्टर परागनं गुंडाळून ठेवलं. मागची दाढ पोस्टरवर कुठं दाखवणार? आज शहरातल्या कितीतरी लोकांच्या दाढांमध्ये आमचं ते पीठ आहे आणि त्यांना ते ठाऊकही नाही. मला याचं समाधान वाटायला हवं. वाटतं. पण अर्धं.

माझ्या डोक्यातून कौसाबाईंचा खालचा दात जात नव्हता. दात बनवून धागा तोडायला द्यायचा हाच मुळात चुकीचा रस्ता होता, असं सारखं वाटत राहिलं. धागा तोडायला तोंड मागापाशी न्यायचं कशाला, धारच मागावर का नको? झिर्कोनियाच्या पात्या होतात, सुऱ्या होतात. मग नोकरीच्या शेवटच्या महिन्यांत मी आणि अन्वरभाईंनी उरलेल्या चुऱ्यातून करंगळीएवढी एक पाती भाजली. धार लावली. लाकडी ठोकळ्यात अशी बसवली, की मागाच्या कडेला बांधली तर धागा नुसता तिच्यावरून ओढायचा, हातातलं काही न सोडता. अन्वरभाईंनी या वेळी भट्टीचं दार उघडून बघितलं नाही. निदान तसं ते म्हणाले.

मी ती घेऊन पैठणला गेले. कौसाबाईंनी उलटसुलट करून बघितली, सवितानं मागाला बांधली. एक धागा ओढला, तुटला. "झ्याक हाये," म्हणाल्या. मी निघताना पुन्हा पुन्हा बजावलं, आता दातानं तोडायचं नाही, वचन द्या. "बरं बरं," म्हणाल्या. हे 'बरं' मी आधीही ऐकलं होतं.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला.

"मॅडम, तसल्या आनखी धा पात्या पाठवून द्या."

माझा विश्वास बसेना. "म्हणजे वापरता तुम्ही? दातानं तोडायचं सोडलं?"

"मी?" त्यांना आश्चर्यच वाटलं. "छे वो! माजा हात कुटं जातोय तिकडं? मान आपसूक खाली जाती. इतक्या वर्साची सवय हाये."

मी कपाळावर हात मारला. "मग दहा पात्या कशाला?"

"पोरींसाटी. सविता वापरायलीये ना, तिचं बघून गल्लीतल्या समद्या पोरी मागायल्यात. त्यांचे दात धड हायेत अजून. त्यांना कशाला खाचा पडू द्यायच्या?"

मी कागदावर 'दहा' लिहून घेतलं. मग म्हटलं, "आणि तुमचा खालचा दात?"

"त्यो जाऊ द्या. त्याचं आता त्येच्या हिशेबानं हुईल. तुमी पात्या कवा देताय ते सांगा."

मी भट्टीपाशी गेले आणि अन्वरभाईंना म्हटलं, आणखी एक घाणा लावायचाय.